बटण कोण दाबतं, टोपली कोण घासतं?

आपल्या चळवळीत स्वयंपाकघराविषयी बोलायला सुरुवात केली की दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया हमखास येतात. एक म्हणजे, "पुन्हा तेच का? बाईला चुलीपासून सोडवायचं म्हणून तर आपण इतकी वर्षं झटतो आहोत." आणि दुसरी, "एअर फ्रायरवर लेख? हे शहरातल्या बायकांचे चोचले. तिकडे गावात अजून सरपण वेचावं लागतंय." या दोन्ही प्रतिक्रिया मी आमच्या गटातच ऐकल्या आणि दोन्हींमागची तळमळ मला समजते. तरीही हा लेख मी एअर फ्रायरवरच लिहिते आहे. हे यंत्र गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांतल्या ओट्यांवर येऊन बसलं आहे, आणि ते ज्या भाषेत विकलं जातं ती भाषा आपल्या ओळखीची आहे. "आता बाईचं काम संपलं" हे आश्वासन आपल्याला काही पहिल्यांदा दिलं जात नाहीये. मिक्सर आला तेव्हा दिलं होतं, फ्रिज आला तेव्हा दिलं होतं, धुलाई यंत्र आलं तेव्हाही दिलं होतं. इतक्या वेळा संपलेलं काम अजून शिल्लक कसं, हा प्रश्न विचारायला हवा.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नावात 'फ्रायर' असलं तरी यात तळणं होत नाही, भाजणं होतं. हा एक छोटा ओव्हनच आहे. वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा पदार्थाभोवती जोराने फिरवतो, पदार्थाच्या वरचा ओलावा उडून जातो आणि पृष्ठभाग कुरकुरीत, तांबूस होतो. तेल हवंच असेल तर चमचाभर, ब्रशने लावायचं. फिलिप्स या डच कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात असं यंत्र पहिल्यांदा मांडलं. आज अनेक कंपन्या ते बनवतात. साधारण १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर अर्धं युनिट वीज लागते. त्याला जाड पिनांचं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. जुन्या चाळींतल्या आणि इमारतींतल्या ओट्याजवळ ते बहुधा नसतंच. मग इलेक्ट्रिशियन बोलवा, वायर बदला, हा खर्च जाहिरातीत कुठेच दिसत नाही.

माझ्या घरी हे यंत्र दीड वर्षापासून आहे. लेकाने आणलं. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते दुकानाच्या काचेतून पाहून लिहीत नाही. यात काय चांगलं होतं आणि काय होत नाही, हे मला आता नीट ठाऊक आहे, आणि माझा मुद्दा त्या तपशिलातूनच निघतो.

वसईची आमची एक मैत्रीण आहे. त्यांच्या घरी रविवारी सकाळी चर्चहून आल्यावर पाव, अंडी आणि बेकन असा नाश्ता असतो. पूर्वी बेकन तव्यावर व्हायचं. चरबीचे थेंब उडायचे, हाताला चटके बसायचे, सगळा ओटा तेलकट व्हायचा. आता बेकन एअर फ्रायरमध्ये होतं. पाकीट उघडायचं, पट्ट्या एकमेकींवर न चढवता टोपलीत पसरायच्या, २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. खाली थोडं पाणी घातलं की गळणारी चरबी जळून धूर होत नाही. पट्ट्या छान कुरकुरीत निघतात. खरं सांगायचं तर या यंत्रात बेकनइतका सोपा दुसरा पदार्थ नसेल. त्याला तेल लागत नाही, स्वतःच्याच चरबीत ते भाजलं जातं. आणि म्हणूनच तिच्या घरी एक नवल घडलं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ज्याने कधी गॅस पेटवला नव्हता तो तिचा नवरा दर रविवारी बेकन 'करू' लागला. नातेवाइकांत कौतुक झालं. "आमच्याकडे रविवारचा नाश्ता हे करतात" असं तीही अभिमानाने सांगू लागली.

मी तिला विचारलं, "आणि टोपली कोण घासतं?"

ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "ते मात्र माझ्याकडेच." खालच्या खणात थिजलेली चरबी असते. ती मोरीत ओतून चालत नाही, नळी तुंबते. डब्यात काढून टाकावी लागते. टोपलीच्या जाळीत जळके कण अडकतात. तारेची घासणी लावली तर वरचा थर निघतो, म्हणून कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन सावकाश बसावं लागतं. पाव आणायचा कोणी, अंडी कोणी करायची, टेबल कोणी पुसायचं, संपलेलं बेकन आठवणीने यादीत कोणी लिहायचं? सगळं तिच्याकडेच. नवऱ्याने केलं ते दहा मिनिटांचं, आणि त्यातलीही आठ मिनिटं यंत्राने केली.

त्या माणसाला मी हिणवत नाही. त्याने सुरुवात केली हे चांगलंच झालं. पण त्याच्या हातात नेमका कामाचा कोणता तुकडा आला, ते पाहू या. जो दिसतो, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, जो झाल्यावर घंटी वाजते आणि सगळे "वा" म्हणतात, तो तुकडा. आणि जो दिसत नाही, ज्याला शेवट नाही, तो बाईकडेच राहिला. घरकामाची वाटणी व्हायला लागली की ती अशी होते. वाट्याला आलेल्या कामांची संख्या मोजून चालत नाही, कामाची जातही पाहावी लागते.

आता बेकन बाजूला ठेवू आणि आपल्या घरातली अळूवडी घेऊ. अळूवडी एअर फ्रायरमध्ये उत्तम होते, हे मी स्वतः करून सांगते. १८० अंश, दहा-बारा मिनिटं, वरून तेलाचा ब्रश. कढईतल्या वडीहून थोडी कोरडी, पण कुरकुरीत. हे ऐकून कोणाला वाटेल की अळूवडी दहा-बारा मिनिटांत होते. होते का? अळूची पानं पाहून आणायची. धुवायची, पुसायची. देठ आणि शिरा काढायच्या, पानावर लाटणं फिरवून ती सपाट करायची. चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, तीळ घालून बेसन कालवायचं. पानावर पान ठेवत लेप द्यायचा, गुंडाळी करायची, वाफवायची, गार होऊ द्यायची, कापायची. दीड-दोन तास इथेच गेले. या सगळ्यात यंत्र हात लावतं ते शेवटच्या दहा-बारा मिनिटांना. कोथिंबीरवडीचं तसंच. भरताच्या वांग्याचं निदान भाजणं सोपं होतं, वीस-पंचवीस मिनिटं टोपलीत टाकून आपण दुसरं काम करू शकतो, पण सोलणं, चिरणं, फोडणी हे आहेच.

आणि कित्येक पदार्थ होतच नाहीत. बटाटेवडा आणि कांदाभजी यांचं पातळ पीठ जाळीतून खाली गळतं. पुरी फुगत नाही, वातड होते. पापड इतका हलका की पंख्याच्या वाऱ्याने उडून वर कॉइलला चिकटतो. चार लिटरच्या टोपलीत एका थरात सात-आठ वड्या मावतात. घरात सहा माणसं जेवायला बसली की तीन-चार घाण्या. कढईत पंधरा मिनिटांत निघालं असतं त्याला पाऊण तास. तेवढा वेळ कोणीतरी ओट्याजवळ उभं असतंच, आणि ते 'कोणीतरी' कोण हे सांगायला नको.

मग हे यंत्र झटपट आहे असं ज्यांना वाटतं ते खोटं बोलतात का? तसं नाही. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो पाकिटाचा अनुभव आहे. बेकन पाकिटातून येतं. गोठवलेल्या बटाट्याच्या फोडी, नगेट्स, कटलेट्स पाकिटातून येतात. त्यांचं सोलणं, कापणं, खारवणं, अर्धवट शिजवणं कारखान्यात कोणीतरी आधीच केलेलं असतं. ज्या देशांत घराघरात मोठा फ्रीझर आणि त्यात अशी पाकिटं असतात त्या देशांतल्या जेवणाला हे यंत्र चपखल बसतं. माझ्या यंत्रावर जी चित्रं आहेत त्यांत फ्रेंच फ्राइज आहेत, कोंबडीची तंगडी आहे, मासा आहे, केक आहे. अळूवडीचं चित्र नाही. श्रम वाचवले ते पाकिटाने, श्रेय मिळालं यंत्राला. आणि पाकीट विकत घ्यायला पैसे लागतात, हे तिसरं सत्य कोणीच बोलत नाही.

सगळी यंत्रं फसवी असतात असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे आपल्या आज्यांच्या कष्टांचा अपमान करणं होईल. पहाटे उठून जात्यावर दळण दळणाऱ्या बाईला पिठाच्या गिरणीने काय दिलं ते तिलाच विचारावं. जात्यावरच्या ओव्यांचं आपण आज कौतुक करतो, त्या जपायलाही हव्यात, पण ओव्यांसाठी जातं परत आणावं असं कोणत्याही दळणाऱ्या बाईने म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. घरात आलेला नळ, चुलीच्या जागी आलेला गॅस यांनी बाईचं ओझं खरोखर उचललं. डोक्यावरचा हंडा उतरला, डोळ्यांतला धूर गेला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत दहा कोटींहून जास्त गॅसजोडण्या दिल्या गेल्या. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की तीच बाई चुलीकडे वळते, ही गोष्ट वेगळी आणि लढण्यासारखी.

म्हणून मी मनाशी यंत्रांचे दोन गट करते. एका गटातली यंत्रं जुनं ओझं उतरवतात. दुसऱ्या गटातली यंत्रं अपेक्षा वाढवतात. पाट्यावर चटणी वाटायची तेव्हा ती दोन-चार दिवसांनी व्हायची. मिक्सर आल्यावर "रोज ताजी कर ना, दोन मिनिटांचं तर काम" असं झालं. कपडे हाताने धुवायचे तेव्हा एक शर्ट दोन दिवस चालायचा, यंत्र आल्यावर दिवसाला दोन जोड पडू लागले. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३ सालच्या पुस्तकात हीच गोष्ट तिथल्या घरांबद्दल दाखवून दिली. लोखंडी शेगडी आली तेव्हा पुरुषांचं लाकूड फोडणं कमी झालं. बाईचा स्वयंपाक मात्र कमी झाला नाही, उलट एकाऐवजी तीन पदार्थ करणं शक्य झालं म्हणून तीन पदार्थ अपेक्षित झाले. एअर फ्रायर याच दुसऱ्या गटाकडे झुकतो. तळण पूर्वी सणावारी व्हायचं. आता "तेल तर लागत नाही" म्हणून रोज संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत हवं, अशी मागणी माझ्याच घरात सुरू झाली. तिला मी वेळीच पायबंद घातला. ज्याला हवं त्याने करून घ्यावं, असा नियम केला. मागणी आपोआप आठवड्यातून एकदावर आली.

हे केवळ माझ्या घरचं निरीक्षण नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात आढळलं. शिवाय ते करणारे पुरुष चारांत जेमतेम एक आणि बायका पाचांत चार. २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली. आनंद आहे. पण पुरुषाचीही नऊ कमी झाली! मधल्या काळात किती यंत्रं आली, किती गॅसजोडण्या झाल्या, किती घरपोच सेवा निघाल्या. दोघांमधलं अंतर मात्र २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. एका मिनिटाची क्रांती. यंत्राने काम थोडं आखडलं असेल, पण ते वाटलं गेलं नाही. वाटणी यंत्र करत नाही, ती माणसांनाच करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या अपघात भरपाईच्या खटल्यात गृहिणीच्या कामाला मोल आहे, असं स्पष्ट म्हटलं, आणि न्यायमूर्ती रमणा यांनी त्यासाठी २०१९ च्या याच आकड्यांचा आधार घेतला. बाई अपघातात गेल्यावर तिच्या कामाची किंमत न्यायालय ठरवतं. ती जिवंत असताना घरात ती कोण ठरवणार?

आता आगीविषयी. चळवळीत १९८० च्या दशकापासून असलेल्या आम्हा बायकांना "स्टोव्हचा भडका उडाला" हे शब्द अजून ऐकवत नाहीत. किती पंचनाम्यांत ते लिहिले गेले! सासरी जाळलेल्या मुलींच्या मरणावर ते शब्द पांघरूण म्हणून घातले जायचे. १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, त्यामागे आपले मोर्चे होते. (१ जुलै २०२४ पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत.) उघडी ज्योत नाही, उकळतं तेल नाही, पदर पेटण्याची भीती नाही, असं स्वयंपाकाचं साधन मला म्हणूनच लहान गोष्ट वाटत नाही. कढईतल्या तेलाने भाजलेले हात मी पाहिले आहेत. खूप तापलेल्या तेलाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कर्करोगकारक म्हटलं आहे, आणि तो धूर घरात कोणाच्या छातीत जातो हे उघड आहे. पण तेव्हा आपण काय शिकलो? मुलींना जाळणारा स्टोव्ह नव्हता. स्टोव्ह बदलून त्या वाचल्या नसत्या. मारणारी वस्तू नव्हती, तशी सोडवणारीही वस्तू नसेल.

आरोग्याचं बोलू. जाहिरातीत एक बाई हसत हसत टोपली बाहेर ओढते आणि नवरा-मुलांच्या हृदयाची काळजी घेते. तिच्या स्वतःच्या हृदयाचा विषय निघत नाही. पूर्वी कुटुंबाचं पोट भरणं ही तिची जबाबदारी होती, आता कुटुंबाचं कोलेस्टेरॉलही तिच्या माथी आलं. नवऱ्याच्या तपासणीत आकडा वाढला की सासू म्हणते, "तुझं तळण बंद कर." तो बाहेर काय खातो ते कोण विचारणार? तेल कमी होतं हे खरं, आणि कढईत उरलेलं तेल पुन्हापुन्हा वापरण्यापेक्षा हे बरंच. पण यंत्र म्हणजे औषध नव्हे. प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं, असं याच संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केलं. बेकनची चरबी खाली गळली तरी ते खारवलेलं, टिकवलेलं मांसच राहतं. बटाटा फार तांबूस भाजला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, मग ते कढईत असो की टोपलीत. कोणी काय खावं हे मी सांगणार नाही. बेकन, सुकट, अळूवडी, ज्याचं त्याने आवडीने खावं. फक्त यंत्राच्या नावाने बाईच्या मनात अपराधाची नवी खुंटी ठोकू नये.

आणि एक बाई या सगळ्या चर्चेत कधीच नसते. ती म्हणजे दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणारी ताई. घरकामगारांच्या एका बैठकीत एका ताईने सांगितलेली हकिकत अशी. ती ज्या घरी पोळी-भाजी करते तिथे हे यंत्र आलं. बाईसाहेब म्हणाल्या, "आता तुझं काम हलकं झालं, तर दोनशे रुपये कमी करू." ताईने पाहिलं तर काम हलकं झालंच नव्हतं. पोळ्या तेवढ्याच, भाजी तेवढीच, आणि वर रोज टोपली घासणं. माहितीचं पुस्तक इंग्रजीत, शिकवायला कोणी नाही. "खराब झालं तर भरून द्यावं लागेल" ही तंबी मात्र पहिल्याच दिवशी. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तोही कितीतरी आंदोलनांनंतर. पण एका घरातलं यंत्र दुसऱ्या घरातल्या चुलीवर परिणाम करतं तेव्हा तिथे कायदा पोहोचत नाही. आपल्यापैकी पुष्कळजणी बैठकांना येऊ शकतात कारण घरी ताई येते. तिचे दोनशे रुपये कापून आपण कोणती मुक्ती विकत घेतो, हा प्रश्न आपण स्वतःच्या घरात विचारावा.

इतकं सगळं लिहून मी हे यंत्र माळ्यावर टाकलं आहे का? नाही. ज्यांच्या हातांना कंप आहे, संधिवात आहे, ज्यांना जड कढई उचलवत नाही, अशा वयस्क बायकांना ते मोठा आधार आहे. आमच्या गटातल्या सत्तरीच्या एक ताई एकट्या राहतात. रताळं, कणीस, शेंगदाणे, रवा लावलेला मासा असं त्या आनंदाने करून खातात आणि गॅस बंद केला की नाही या धास्तीतून सुटल्या आहेत. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला चार घास गरम मिळतात. एका माणसासाठी हे यंत्र खरंच सोयीचं आहे. याचाच अर्थ असा की जी बाई स्वतःसाठी शिजवते तिचा वेळ ते वाचवतं, आणि जी सहा जणांसाठी शिजवते तिला ते तीन-चार घाण्या घालायला लावतं. यंत्र तेच, फरक पडतो तो घरातल्या नात्यांमुळे.

मग करायचं काय? मला सुचतं ते मांडते.

ज्या घरात यंत्र येईल त्या घरात ते 'आईला भेट' म्हणून येऊ नये. स्त्रीदिनाला, वाढदिवसाला बाईला स्वयंपाकाचं साधन देणं म्हणजे बैलाला पोळ्याला नवं जू देण्यासारखं आहे. ते घरखर्चाची वस्तू म्हणून यावं, आणि ते वापरायला घरातल्या सगळ्यांनी शिकावं. वापरायला म्हणजे पाकीट आणण्यापासून टोपली घासून पुसून ठेवण्यापर्यंत. ज्याने बटण दाबलं त्यानेच टोपली घासायची, एवढा एक नियम जरी घरोघरी झाला तरी पुष्कळ साधेल. दहा वर्षांचा मुलगाही तो पाळू शकतो. उलट, उकळत्या तेलाजवळ मुलांना जाऊ देता येत नाही ही सबब आता उरलेली नाही.

दुसरं, वाचलेल्या वेळेचा हिशेब ठेवावा. वीस मिनिटं वाचली असतील तर ती कुठे गेली? आणखी एका पदार्थात गेली, की वाचनात, झोपेत, मैत्रिणीशी बोलण्यात, बैठकीत? आमच्या गटात आम्ही एक आठवडा प्रत्येकीने वहीत लिहायचं ठरवलं आहे. कामाचा तास, कोणी केलं, यंत्राने किती केलं. तुमच्या गटानेही करून पाहावं. सरकारच्या पाहणीइतकं ते मोठं नसेल, पण आपल्या घरचा आकडा समोर आला की घरातल्यांशी बोलणं सोपं होतं.

तिसरं, ताईचा पगार यंत्रामुळे कमी करायचा नाही. काम खरंच हलकं झालं तर तो तिचा फायदा.

आणि शेवटचं, प्रत्येक घरात एक यंत्र हाच एकमेव मार्ग आहे का, याचा विचार. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा घरातलं बिनमोल रांधणं हे मोलाचं काम आहे हे त्यांनी दाखवून दिलं. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराची वस्तू घराबाहेर काढली आणि तिचा आवाज मंत्रालयापर्यंत नेला. वस्ती-वस्तीत परवडणारी पोळी-भाजी केंद्रं, कामाच्या ठिकाणी स्वस्त जेवण, पाळणाघरं यांची मागणी आपण एके काळी जोरात करायचो. ती अलीकडे क्षीण झाली आहे. प्रत्येकीने आपापल्या ओट्यावर आपापला सुटकेचा डबा मांडावा आणि हप्ते फेडावेत, असं बाजाराला वाटणारच. आपल्यालाही तसंच वाटू लागलं, तर मात्र चिंता करायला हवी.

लाटण्याचा आवाज करता येतो. एअर फ्रायरची घंटी मात्र त्याचं काम झालं की आपोआप वाजते, आणि आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. ते पुढचं काम कोण करतं, हे मैत्रिणींनो, आपापल्या घरी एकदा मोठ्याने विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा.